जास्तीची कांद्याची पात टिकवायची कशी: जुडी सोडण्यापासून फ्रीझरपर्यंत

कांद्याची पात गरजेपेक्षा जास्त आली की बहुतेक घरांत तिचं एकच होतं. जुडी नळाखाली धुतली जाते, ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत जाते, पिशवीला गाठ बसते आणि ती फ्रीजच्या तळाशी पडते. चार-पाच दिवसांनी गाठ सोडावी तर बाहेरची पानं पिवळी, आतली बुळबुळीत आणि फ्रीजभर वास. मग ‘पात टिकतच नाही’ म्हणून सगळी जुडी कचऱ्यात.

पात टिकते. मात्र तिच्या दोन टोकांच्या गरजा वेगळ्या आहेत, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. मुळांना पाणी चालतं, किंबहुना हवंच असतं. हिरव्या पानांवर पाणी साचलेलं चालत नाही, पण भोवतालची हवा दमट लागते, कारण पातीत सुमारे ९० टक्के पाणीच असतं आणि कोरड्या हवेत ते भराभर उडून पान मलूल पडतं. पान कोरडं आणि हवा दमट, हे जमवण्यासाठीच पुढची सगळी खटपट आहे.

१. जुडी आल्या आल्या सोडा

पहिलं काम रबर बँड काढण्याचं. तो जिथे आवळलेला असतो तिथली पानं चेपलेली असतात, दोन पानांमध्ये ओल अडकलेली असते आणि सड बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. बांधलेली जुडी फ्रीजमध्ये गेली की मधल्या काड्यांना वारा लागत नाही. बाहेरून हिरवीगार दिसणारी जुडी आतून गेलेली निघते, ती यामुळे.

जुडी सोडून कोरड्या कागदावर किंवा सुती फडक्यावर एकेरी पसरा. अजून धुऊ नका. एकेक काडी हातात घेऊन पाहा:

- पिवळी, सुकलेली किंवा चिकट झालेली बाहेरची पानं बुंध्यापासून सोलून काढा. नुसतं टोक कापून भागत नाही, उरलेलं पानही दोन दिवसांत त्याच वाटेने जातं.
- मधोमध मोडलेलं पान मोडीच्या जागी कापा. पोकळ नळी मोडली की तिथे रस सुटतो आणि त्या रसावर आधी बुरशी धरते.
- मुळांवरची माती झटका. मुळं कापू नका, ती पुढे उपयोगी पडणार आहेत.

आता एक गैरसमज. जाड पान कापल्यावर कधी कधी नळीच्या आतून पारदर्शक, जेलीसारखा चिकट पदार्थ निघतो. पात नासली समजून लोक ती टाकून देतात. काही जातींच्या पातीत हा चीक निसर्गतःच असतो आणि खायला त्याची काहीच अडचण नाही. चिकटपणा पानाच्या बाहेरच्या बाजूला असेल, त्याला घाण वास येत असेल आणि पान बोटाखाली विरघळल्यासारखं लागत असेल, तर ती सड.

तपासा: पसरलेल्या काड्यांपैकी एकही बुळबुळीत राहिलेली नाही ना? एक सडकी काडी शेजारच्या चार नासवते.

२. साठवण्याआधी वाटणी करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. अख्खी जुडी आधी फ्रीजमध्ये ठेवायची, लागेल तशी वापरायची आणि शेवटी उरलेली मलूल पात ‘वाया नको जायला’ म्हणून फ्रीझरमध्ये टाकायची, असा उलटा क्रम चालतो. गोठवल्याने पातीचा दर्जा सुधारत नाही. ती ज्या अवस्थेत आत जाते, फार तर त्याच अवस्थेत थांबते. म्हणून फ्रीझरमध्ये सगळ्यात ताजी, करकरीत पात जायला हवी आणि तीही पहिल्याच दिवशी.

पसरलेल्या काड्यांचे तिथेच ढीग करा:

- तीन-चार दिवसांत लागेल ती. जरा मऊ पडलेल्या, टोकं गेलेल्या काड्या इथे. त्या आधी संपवायच्या.
- दीड-दोन आठवड्यांत लागेल ती. अख्ख्या, निरोगी, मुळांसकट काड्या.
- त्यापुढे लागणारी सगळी. ही आजच चिरून गोठवायची.

आठवड्याला आपण खरोखर किती पात वापरतो, याचा प्रामाणिक अंदाज घ्या. दुसरा ढीग हमखास गरजेपेक्षा मोठा होतो. शंका असेल तेवढ्या काड्या तिसऱ्यात सरकवा.

३. धुणं आणि वाळवणं

ज्या काड्या अख्ख्या ठेवायच्या त्या धुवायच्या नाहीत. आज चिरणार असाल त्याच धुवा.

धुताना पानांची टोकं आधी कापू नका. टोक कापलं की नळी उघडी पडते, धुताना तिच्यात पाणी शिरतं आणि बाहेरून कितीही पुसलं तरी ते आतच राहतं. चिरलेली पात डब्यात दुसऱ्या दिवशी पाणी सोडते, तिचं कारण पुष्कळदा हेच असतं. आधी अख्खी धुवायची, वाळवायची आणि मग टोकं व मुळं छाटायची.

मोठ्या पातेल्यात गार पाणी घ्या, काड्या त्यात बुडवून हलवा आणि हाताने वर उचलून घ्या. पातेलं चाळणीत ओतलं तर तळाशी बसलेली माती पुन्हा पातीवर येते. पानं जिथे दोन बाजूंना फुटतात त्या बेचक्यात बारीक रेती अडकते, तिथे बोट फिरवा. गढूळ पाणी निघत असेल तर पाणी बदलून पुन्हा एकदा.

मग काड्या मुळं वर आणि पानं खाली अशा धरून झटका, कोरड्या फडक्यावर पसरा आणि पंख्याखाली अर्धा-पाऊण तास राहू द्या. मध्ये एकदा उलटा. घाई असेल तर फडक्यात सैल गुंडाळून टिपून घ्या, पण पिळू नका.

तपासा: पानांच्या बेचक्यात कोरड्या टिश्यू पेपरचं टोक घाला. टोक ओलं झालं तर पात अजून चिरायची नाही.

४. अख्खी पात फ्रीजमध्ये: उभी किंवा आडवी

शीतगृहात पात ० अंश सेल्सिअसला, ९५ टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत ठेवली तर तीन-चार आठवडे टिकते. घरच्या फ्रीजमध्ये तापमान साधारण ४ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे दहा दिवस ते दोन आठवडे ही रास्त अपेक्षा. १० अंशांवर पानं काही दिवसांतच पिवळी पडू लागतात. म्हणून फ्रीजचं दार ही पातीची जागा नाही. दार सारखं उघडतं आणि तिथलं तापमान सारखं चढत-उतरत राहतं.

*उभी, बरणीत.* जागा असेल तर ही पद्धत सगळ्यात चांगली. जड बुडाची काचेची बरणी किंवा उंच पेला घ्या. त्यात २ ते ३ सेंटिमीटर पाणी घाला, मुळं बुडतील एवढंच. काड्या सैलसर उभ्या करा, कोंबू नका. वरून एक पातळ पिशवी टोपीसारखी उपडी घाला आणि खालून मोकळी ठेवा. पिशवीमुळे आतली हवा दमट राहते, खालच्या मोकळ्या बाजूने जास्तीची वाफ निघून जाते. दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि बदलताना मुळं वाहत्या पाण्याखाली धरून चिकट थर काढून टाका. पाणी गढूळ दिसायची वाट पाहू नका. गढूळ झालं म्हणजे उशीरच झाला.

पाणी जास्त झालं की पांढरा दांडा बुडतो, त्याचं बाहेरचं आवरण कुजतं आणि पाण्याला वास सुटतो. या पद्धतीत बिघडतं ते बहुतेक इथेच.

*आडवी, कागदात.* बरणीला जागा नसेल तर. इथे पाणी मुळीच नाही. टिश्यू पेपर किंवा पातळ सुती फडकं किंचित दमट करा. दमट म्हणजे पिळून एकही थेंब पडणार नाही इतपत. त्यात फक्त मुळं आणि पांढरा भाग गुंडाळा. हिरव्या भागाभोवती कोरडा टिश्यू. मग सगळं पिशवीत घालून तोंड जरा उघडं ठेवा आणि भाजीच्या कप्प्यात सगळ्यात वर ठेवा, वर जड काही नको. कोरडा टिश्यू तिसऱ्या-चौथ्या दिवशी चाचपून पाहा. ओला लागला तर बदला. त्याने आपलं काम केलं आहे, तोच पुन्हा वापरला तर पातीशेजारी ओलं फडकं ठेवल्यासारखं होईल.

आडवी ठेवलेली पात टोकाशी वर वळलेली दिसली तर घाबरू नका. काढल्यानंतरही ती जिवंत असते आणि गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेला वाढायचा प्रयत्न करते. चवीत फरक पडत नाही. पण वाकण ठळक असेल तर फ्रीज पुरेसा थंड नाही असा त्याचा अर्थ घ्या, कारण गारव्यात ही वाढ मंदावते.

सावधान: पात फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकू देऊ नका. तिथे ती गोठते, पानांवर पारदर्शक डाग पडतात आणि बाहेर काढल्यावर ते भाग लगेच गळून बुळबुळीत होतात. आणखी एक: सफरचंद, द्राक्षं, मशरूम, उघडं लोणी यांना पातीचा वास चटकन लागतो. त्यांच्यापासून ती लांब ठेवा.

५. चिरलेली पात, जवळच्या वापरासाठी

चिरल्याबरोबर पेशी फुटतात, गंधकयुक्त संयुगं तयार होतात आणि वास वाढत जातो. ताज्या चिरलेल्या पातीचा झणका चौथ्या दिवशी उग्र आणि कडवट झालेला असतो. म्हणून फ्रीजसाठी चिरायची ती तीन-चार दिवसांपुरतीच.

सुरी धारदार हवी. बोथट सुरीने पात चिरडते, रस सुटतो आणि डब्याच्या तळाशी हिरवं पाणी साचतं. स्वयंपाकाची धारदार कात्री उत्तम चालते. हवाबंद डब्यात तळाला टिश्यू, त्यावर पात आणि वर पुन्हा टिश्यू. डबा दाबून भरू नका. घेताना कोरडा चमचा वापरा, ओला हात नको.

एक-दोन दिवसांनी पांढऱ्या भागाच्या चकत्यांमधून मधलं कोवळं पान दुर्बिणीच्या नळीसारखं बाहेर सरकलेलं दिसेल. आतली वाढ चालूच असते, म्हणून तसं होतं. पात खराब झालेली नाही.

६. फ्रीझर: क्रम पाळलात तर सगळ्यात भरवशाचा

पात गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढावी लागत नाही. तसं केलं तर उलट ती लगदा होते आणि वास उडतो. कच्चीच गोठवायची.

पहिल्यांदा पांढरा आणि हिरवा भाग वेगळा करा. शिजवताना पांढरा आधी पडतो, हिरवा शेवटी. एकत्र गोठवलेली पात भांड्यात एकदमच पडते, मग एक तर पांढरा कच्चा राहतो किंवा हिरवा काळपटतो. दोन पिशव्या कराव्यात हे बरं.

पांढरा भाग अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्यांत चिरा, हिरवा त्याहून जरा लांब. फार बारीक चिरलेली हिरवी पात गोठल्यावर चुरा होते. चिरल्यावर पुन्हा दहा मिनिटं फडक्यावर पसरा. आत अडकलेलं पाणी या वेळेत निघून जातं.

आता ताटात किंवा ट्रेमध्ये कागद घालून त्यावर पात पातळ पसरा आणि ताट तसंच फ्रीझरमध्ये ठेवा. तास-दोन तासांत चकत्या सुट्या सुट्या कडक होतील. मगच पिशवीत भरायच्या. ही एक पायरी वगळून थेट पिशवी भरली की आतमध्ये एकच गोळा तयार होतो, आणि दोन चमचे पातीसाठी तो ओट्यावर आपटावा लागतो.

पिशवी भरताना हात चालवा, कारण पातळ चकत्या मिनिटा-दोन मिनिटांत घाम धरतात. झिपची पिशवी सपाट भरा, बोटभर जाडीची. तळहाताने दाबून हवा काढा, झिप लावा आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत किंवा हवाबंद डब्यात घाला. एकाच आवरणातून वास बाहेर येतो आणि बर्फाच्या खड्यांनाही पातीची चव लागते. वर तारीख लिहा.

उणे १८ अंशांवर तीन ते सहा महिने चव चांगली राहते. त्यापुढेही ती खाण्यास धोकादायक होत नाही, फक्त वास मंदावतो आणि कडा कोरड्या, पांढुरक्या पडतात.

तपासा: पिशवी हलवल्यावर आतल्या चकत्या खुळखुळतात का? एका रात्रीनंतरही खुळखुळत असतील तर काम नीट झालं. गोळा झाला असेल तर पात ओली होती.

वापरताना पात वितळवायची नाही. हवी तेवढी मुठीने काढा, पिशवी लगेच आत ठेवा आणि पात थेट गरम भांड्यात टाका. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फाडतात, त्यामुळे वितळलेल्या पातीत कुरकुरीतपणा उरत नाही. कच्ची वरून भुरभुरायला ती घेऊ नका, तिथे ताजीच हवी. गरम तेलात टाकताना जरा मागे सरा, बर्फाचे कण उडतात.

वीज बराच वेळ जाऊन पात वितळली आणि अजून गार असेल, तर त्याच दिवशी शिजवून संपवा. पुन्हा गोठवलेली पात म्हणजे नुसता चोथा.

७. तेलात बुडवून ठेवू नका

पात तेलात घालून बरणी ओट्यावर ठेवायची, ही युक्ती सर्रास सांगितली जाते. ती धोक्याची आहे. मातीत वाढणाऱ्या भाज्यांवर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा पोचत नाही, पातीत आंबटपणा जवळजवळ नसतो, आणि बाहेरच्या तापमानात नेमक्या अशाच ठिकाणी हे बीजाणू रुजून विष तयार करतात. तेल कडकडीत तापवून पातीवर ओतलं तरी बीजाणू मरतीलच याचा भरवसा नाही. विष झालेलं वासावरून किंवा दिसण्यावरून कळत नाही.

तेलातली पात हवीच असेल तर फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये तेलासकट गोठवा आणि लागेल तसा एकेक खडा काढा. तिसरी सोय नाही.

८. वाळवणं

जागा कमी आणि पात फारच जास्त असेल तरच या वाटेला जा. दहा भाग ताज्या पातीची जेमतेम एक भाग सुकी पात होते, आणि वास ताज्याच्या जवळपासही राहत नाही. फक्त हिरवा भाग घ्या. पांढरा जाड असतो, वेगळ्या वेगाने वाळतो आणि सगळा घाणा बिघडवतो.

वाळवण्याच्या यंत्रात ५५ ते ६० अंशांवर एकेरी थर लावा. कडक उन्हात हिरवा रंग उडतो. बोटांत चुरल्यावर कुरकुर मोडली पाहिजे, वाकली तर अजून ओल आहे. पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या बरणीत भरा आणि पहिला आठवडाभर रोज बरणी हलवून पाहा. काचेच्या आत दमटपणा दिसला की सगळी पात काढून पुन्हा वाळवायची. यंत्र चालू असेपर्यंत घरभर वास राहील, त्याची तयारी ठेवा.

९. कापलेली मुळं: वेगळा साठा

चिरताना मुळांकडचा ३ ते ४ सेंटिमीटर पांढरा बुंधा राखून ठेवा. फार आखूड कापला तर वाढीचा कोंबच निघून जातो आणि बुंधा नुसता कुजतो.

बुंधे छोट्या पेल्यात मुळं खाली करून उभे ठेवा. पाणी १ ते २ सेंटिमीटर, बुंध्याचं कापलेलं तोंड कायम पाण्याबाहेर. पेला खिडकीशी उजेडात ठेवा आणि पाणी रोज, फार तर एक दिवसाआड बदला. उकाड्यात रोजच. दोन-तीन दिवसांत मधून हिरवा कोंब वर येतो. हातभर लांबीची वाट न पाहता वितीएवढी झाली की कापा, बुंध्यावर बोट-दोन बोटं हिरवं ठेवून.

नुसत्या पाण्यात पोषण नसतं. एक-दोन कापण्यांनंतर पानं बारीक आणि फिकी येऊ लागतात. ती दिसली की बुंधे मातीत लावा: पाणी निचरणारी कुंडी, मुळं आणि बुंध्याचा खालचा भाग मातीत, दोन बुंध्यांत चार-पाच सेंटिमीटर अंतर. माती ओलसर हवी, चिखल नको.

कुंडीची सोय असेल तर अख्ख्या काड्याही अशाच मातीत खोचून ठेवता येतात. मुळं शाबूत असतील तर त्या धरतात आणि लागेल तेव्हा एकेक पान कापून घेता येतं. जास्तीची पात ठेवायला फ्रीजहूनही ही जागा चांगली, पण कुणी सांगत नाही. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला येणार नाही अशी ठेवा, कांदावर्गीय पानं दोघांनाही विषारी असतात.

१०. टाकायची कधी

मलूल पण वासाला ताजी पात टाकू नका. मुळं अर्धा तास गार पाण्यात ठेवली तर बरीचशी पुन्हा ताठ होते. नाही झाली तर शिजवायला घ्या. लगेच शिजवणार असाल तर पिवळं टोक कापून बाकीचं पान वापरता येतं. बाहेरचं एखादं पान चिकट झालं असेल आणि आतला दांडा घट्ट व वासाला स्वच्छ असेल, तर पान सोलून दांडा धुऊन त्याच दिवशी शिजवा.

दांडाच दाबल्यावर मऊ लागला, बुंध्यातून घाण वास आला किंवा पानावर केसाळ बुरशी दिसली तर ती काडी गेली. चिरलेल्या पातीच्या डब्यात बुरशी दिसली तर अख्खा डबा रिकामा करा, वरचा थर काढून खालची वाचवायला जाऊ नका. अख्ख्या काड्यांत एखादीच बिघडली असेल तर ती काढा, शेजारच्या धुऊन त्या दिवशी संपवा, उरलेल्यांचा टिश्यू बदला. आणि बरणी पुढच्या जुडीसाठी नुसती विसळू नका, साबणाने आतून घासून पूर्ण वाळवा. काचेला राहिलेला चिकट थर नव्या पाण्यात एका दिवसात पसरतो.